नाताळातली भट्टी

अण्णा, यंदाही नाताळात आम्ही भट्टीवर जाऊन आलो. आम्ही म्हणजे मी आणि धाकटा. दुसरं आता आहे कोण? आईला जाऊनही बरीच वर्षं झाली आणि तुम्ही तर तिच्याही कितीतरी आधी गेलात. शिरोलीला तुमची लोखंडाच्या ओतकामाची शेड आहे, पण तिथे आता एक पाइपवाला आपला माल ठेवतो. मागच्या बाजूला, पत्र्याच्या कुंपणाला लागून, तुमची कोक-कोळशावरची जुनी भट्टी मात्र तशीच उभी आहे. विजेची भट्टी आली तेव्हा सगळे म्हणाले होते, कापून भंगारात घाला. धाकट्याने ऐकलं नाही. "ती आमच्या घरातली हाय," म्हणाला, "घरातलं माणूस भंगारात घालत्यात व्हय?"

तोच धाकटा आता बोलत नाही. श्रावणात एका सकाळी दाढी करता करता खाली बसला तो बसलाच. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पायात थोडा जीव आला आहे, हातात अजून नाही, आणि तोंडातून फक्त 'आ' निघतो. पाणी हवं असलं तरी आ, टीव्ही बंद करायचा असला तरी आ. डॉक्टर म्हणतात, त्याला सगळं कळतं, माणसं ओळखू येतात, जुनं सगळं आठवतं, फक्त शब्द हाताला लागत नाहीत. ज्याने हाक मारली की रस्त्यापलीकडच्या शेडमधली माणसंही वळून बघायची, तो तुमचा मुलगा दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून असतो. त्याची मुलगी बंगळुरूला असते. तिकडे अशा पेशंटसाठी चांगली सोय आहे म्हणते, आणि नाताळच्या सुट्टीत येऊन आईवडिलांना घेऊन जायचं तिने ठरवलं होतं. घर बंद करून, कायमचं. मला सांगायला ती फोनवर म्हणाली, "आत्या, तू पण ये ना अधूनमधून." अधूनमधून. मी बरं म्हटलं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाचच भांडी पुन्हा धुतली.

हे गेल्यापासून माझं घर म्हणजे एक खोली वापरात आणि बाकीच्या झाडून ठेवलेल्या. मूलबाळ नाही. रोज संध्याकाळी मी चालत धाकट्याकडे जाते, त्याच्याशेजारी बसते, शाळेतल्या, शेडवरच्या गोष्टी काढते. तो ऐकतो. मधेच हसतो, आणि तेही बरोबर हसायच्या जागी. मी लहान होते, माझ्या दोन वेण्या होत्या, मला अंधाराची भीती वाटायची, हे जगात आता त्या एकट्याला माहीत आहे. तो गेला की ते कुणालाच माहीत नसणार. बंगळुरू काही फार लांब नाही म्हणतात सगळे. मलाही नकाशा येतो, अण्णा.

पण मी भट्टीचं सांगत होते. आमच्या कॉन्व्हेंटला नाताळची मोठी सुट्टी असायची, आणि नेमकं त्याच आठवड्यात तुम्ही भट्टी बंद ठेवायचात. आपल्याकडून माल घेणाऱ्या बाहेरच्या कंपन्या वर्षअखेरीला थांबत, म्हणून भट्टीच्या आतल्या भाजून निघालेल्या विटा काढून नवं अस्तर लावायचं काम तेव्हाच निघे. वर्गातल्या मुलींकडे त्या दिवसांत कागदी चांदण्या लागत, केक येत, कुणी गोव्याला जाई. आम्ही चौघं तुमच्या स्कूटरवर बसून शिरोलीला जायचो आणि थंड भट्टीत तोंड घालून ओरडायचो. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सुट्टीनंतर सिस्टर इंग्रजीत निबंध लिहायला लावीत, आणि मी दरवर्षी न चुकता पन्हाळ्याला गेल्याचं लिहीत असे. पन्हाळ्याचं धुकं, पन्हाळ्याची हवा. सिस्टर खाली 'सुरेख' असा शेरा मारायच्या.

पहिल्यांदा नेलंत तो दिवस मला लख्ख दिसतो. मी दुसरीत आहे. शाळेत मधल्या सुट्टीत मी मैत्रिणीला लांबून हाक मारली, "अगं, हिकडं ये की!" आणि सिस्टरनी मला सगळ्यांसमोर उभं करून सांगितलं, चांगल्या घरच्या मुली ओरडत नाहीत, आणि 'हिकडं' म्हणत नाहीत. त्या रागावल्या नव्हत्या, हळू आवाजातच बोलल्या होत्या. ते जास्त लागलं. त्या दिवसापासून मी घरी बोलेनाशी झाले. विचारलं तर मान हलवायची. आईला वाटलं ताप येणार आहे. तुम्ही दोन-तीन दिवस बघितलंत, मग सकाळी चहा पिता पिता म्हणालात, "काय गं, जीभ शाळंत इसरून आलीस काय?" मी मान हलवली. "चल शेडवर."

शेडमध्ये माणूस नाही. एरवी तिथे कान फाटायचे, त्या दिवशी चिमण्यांचा आवाज ऐकू येतो आहे. जमिनीवर साच्यांची काळी वाळू, भट्टीशेजारी काढून टाकलेल्या विटांचा ढीग. भट्टीला खालच्या अंगाला, मोठ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, पेटवायचं चौकोनी दार होतं. तुम्ही त्याच्यापुढे साच्याची एक लोखंडी पेटी पालथी घातलीत, मला वर उभं केलंत आणि म्हणालात, "हितं वरड. जोरात. भट्टी कुणाला सांगत न्हाई."

आई मागून म्हणाली, "पोरीला काय हे शिकवायलाय? लोक काय म्हणतील?"

"लोकं सुट्टीवर हाईत," तुम्ही म्हणालात. "त्या शिष्टरला शिव्या दे. न्हाईतर मला दे. माझं नाव घेतलंस तरी चालंल. पण आत घाल तोंड आणि दे."

आत गार होतं आणि राखेचा वास येत होता. वर बघितलं तर लांबवर आकाशाचा एक गोल तुकडा. मी आधी हळूच बोलले, मग थोडं मोठ्याने, मग एवढ्या मोठ्याने की भट्टीचं पोलाद माझ्या गालाला थरथरलं. तोंड बाहेर काढलं तेव्हा मी हसत होते. 'काय बोललीस' असं तुम्ही विचारलं नाहीत. आई विचारायला गेली तर तिला हाताने थांबवलंत. तोच पुढे नियम झाला. बाहेर ऐकणाऱ्याला नुसता घुमारा ऐकू यायचा, शब्द नाही, आणि आत कोण काय बोललं ते कुणी कधी विचारायचं नाही. वर्षभराचं जे काही साचलं असेल ते आत टाकायचं. दुसऱ्या दिवशी उचगावचा मिस्त्री येऊन नव्या विटा बसवायचा आणि सगळं त्याच्यामागे बंद.

आईचा नंबर त्या वर्षी लागला नाही. पुढच्या वर्षी लागला. आपल्या घरात आजी होती, काका होते, येणंजाणं होतं, आणि आईचा आवाज ओट्याच्या पलीकडे कधी ऐकू आल्याचं मला आठवत नाही. तिने पदर कंबरेला खोचला, डोक्याला टॉवेल गुंडाळला, इकडेतिकडे पाहिलं, आम्हाला म्हणाली, "तिकडं तोंड करा सगळी." आणि मग भट्टी घुमायला लागली. अण्णा, काय घुमली हो ती. थांबेचना. धाकटा घाबरून तुमच्या पायाला चिकटला. आई बाहेर आली ती नाकाच्या शेंड्याला काजळी लावून. तुम्ही विचारलंत, "झालं?" ती म्हणाली, "थांबा. अजून हाय," आणि परत आत तोंड घातलं. तुम्ही खाली वाळूत बसून हसत होता, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. त्यातलं अर्धं तुमच्याबद्दल असणार हे तुम्हाला कळत नव्हतं असं नाही. मग तुम्ही शेगडीत कोक पेटवून रताळी भाजलीत, आणि आई म्हणाली, रताळ्याला फटाक्याचा वास येतोय, आणि तरी दोन खाल्ली. त्या एका दिवशी तिला चुलीपाशी जावं लागत नसे. चहासुद्धा तुम्हीच करायचात, काळाकुट्ट, गुळाचा.

धाकट्याला मात्र लपवालपवी कधी जमली नाही. त्याच्या शाळेत सुट्टीवर निबंध आला तेव्हा त्याने खरं तेच लिहिलं, आणि मास्तरांनी तुम्हाला बोलावून घेतलं. मास्तर म्हणाले, "पावणं, घरात सगळं बरं हाय न्हवं? पोरगं लिवतंय, आमी समदी भट्टीत तोंड घालून वरडतो." तुम्ही म्हणालात, "खरं लिवलंय की मग. यंदा तुम्ही बी या." आणि मास्तर खरोखरच आले पुढच्या नाताळात, सायकलवरून. टोपी काढून ठेवली, दारात तोंड घातलं आणि जे काही बोलले ते बोलले. चहा प्याले, टोपी घातली आणि एक अक्षर न बोलता निघून गेले. धाकट्याची नक्कल तुम्हाला आठवते का? तो मास्तरांचं ते टोपी काढून ठेवणं करून दाखवायचा आणि आम्ही सगळे लोळायचो. श्रावणापर्यंत तो ते करून दाखवत होता.

तुम्ही गेलात, मग भट्टी थंड झाली, मग आई गेली, पण आम्ही दोघांनी नाताळ सोडला नाही. माझं लग्न गावातच झालं, म्हणून जमलं. यांना ते पोरकट वाटायचं. भावजय म्हणायची, "वन्सं, तुम्हा दोघांचं येडच हाय हे," आणि डब्यात भडंग भरून द्यायची. अस्तर बदलायचं नव्हतं, मिस्त्री येणार नव्हता, तरी आम्ही जायचो. आधी तो, मग मी. तो बाहेर येऊन म्हणायचा, "आक्का, जा, तुझ्यासाठी जागा ठेवलीया." आता लिहिताना जाणवतं, त्या दोन-चार तासांवर मी पुढचं वर्ष काढत होते. इतर दिवस मी सिस्टरांची मुलगी. हळू बोलणारी, कुणाला न दुखावणारी. माणसं म्हणतात, तुम्ही किती शांत आहात हो. मी शांत नाही, अण्णा. मी वर्षातून एकदा शांत होत होते.

तर यंदा. भाची आली, तिने कपाटं रिकामी करायला घेतली. भावजय नुसती मागेमागे फिरत होती आणि मुलीने खोक्यात ठेवलेल्या वस्तू पुन्हा फळीवर ठेवत होती. शेवटी तिचा धीर सुटला. "एक शब्द," ती मुलीला म्हणाली, "एक शब्द जरी ह्यांच्या तोंडातनं निघाला तर मी हितनं हलायची न्हाई. मग हितंच बरं व्हायलेत म्हणायचं." भाची समजूतदार आहे. ती म्हणाली, "ठीक आहे आई. निघाला तर आपण थांबू." मग वडिलांपुढे गुडघ्यांवर बसली आणि विचारलं, "बाबा, यायचं ना माझ्याकडे?" धाकट्याने मान हलवली. होकाराची. मी तिथेच होते. मी म्हटलं, "अगं, तो हल्ली सगळ्यालाच मान हलवतो." ते खरंही आहे. थोडंफार.

मी भाचीची गाडी आणि ड्रायव्हर मागून घेतला आणि त्याला शिरोलीला नेलं. माझ्या मनात काय होतं ते सांगते. मला वाटत होतं की तिथे तो बोलेल. डॉक्टरांना काय माहीत भट्टीचं? तिच्यापुढे नेलं, आतला गार वास नाकात गेला की जे कुठे अडकलं आहे ते सुटेल. मी शिकलेली बाई आहे, मेंदूत काय होतं हे मला वाचून कळतं, आणि तरीही सबंध रस्ताभर मी हेच घोकत होते. पाइपवाल्याच्या वॉचमनने फाटक उघडलं. "काय पाहिजे, मावशी?" म्हणाला. मी म्हटलं, आमची भट्टी बघायची आहे. तो म्हणाला, "बघा की. त्यात काय बघायचं हाय?"

चाकांची खुर्ची ढकलत आम्ही मागे गेलो. गवत वाढलं आहे. भट्टीला खालून गंजाचे पापुद्रे सुटले आहेत, पण दार तसंच आहे. खुर्चीत बसल्यावर ते बरोबर त्याच्या तोंडासमोर आलं. मी ड्रायव्हरला फाटकाशी पाठवून दिलं. धाकटा कितीतरी वेळ दाराकडे बघत होता. मग डाव्या हाताने चौकट धरली आणि डोकं आत घातलं. मी सवयीने पाठ फिरवली.

आधी काही नाही. मग तो 'आ'. तोच. एकदा, दोनदा, मग सलग. भट्टी घुमली, अण्णा, अगदी पूर्वीसारखी घुमली, बाहेरच्या माणसाला फरक कळला नसता. पण मी अगदी जवळ उभी होते, आणि आत शब्द नव्हता. एकही नव्हता. नुसता तो उघडा आवाज वरपर्यंत जात होता आणि मग पत्र्यावर तळहात आपटल्याचा आवाज, पुन्हा पुन्हा. मी वळले नाही. नियम होता म्हणून नाही. मला वळवेना. तो बाहेर आला तेव्हा कपाळाला गंज लागला होता आणि चेहरा असा होता की मी तो लिहिणार नाही. त्याने डाव्या हाताने मला खूण केली, तुझा नंबर.

मी वाकून आत तोंड घातलं. वरचा गोल तुकडा आता नाही, कुणीतरी पावसासाठी पत्रा टाकला आहे. पूर्ण काळोख. मी तोंड उघडलं आणि मला सुचेना कुणाच्या नावाने ओरडायचं. सिस्टर गेल्या. आजी गेली. हे गेले. ज्यांच्यावर मी चिडत होते ती सगळी माणसं गेली आणि मला ती सगळी परत हवी आहेत. तुमचं नाव घेतलं तरी चालेल असं तुम्ही म्हणाला होतात, म्हणून तुमचं घेतलं. हळूच. माझ्या आवाजाने एक चिमणीसुद्धा उडाली नसती. अशी सुट्टी कुणी आपल्या मुलांना लावावी का, अण्णा? इतर घरांत लोक पन्हाळ्याला जातात. मागे फोटो राहतात. तुम्ही आम्हाला ओरडायची सवय लावलीत आणि कुणाला सांगायचं नाही हेही शिकवलंत, आणि आता एकाचा आवाज गेला आणि दुसरीला नियम मोडता येत नाही.

घरी आलो तर भावजय दारातच उभी होती. तिने धाकट्याकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "वन्सं, बोलले काय ओ काही?" तिच्या मागे बॅगा भरून ठेवलेल्या. भाची फोनवर सामान न्यायच्या टेम्पोचं बघत होती.

मी म्हटलं, "बोलला. आक्का म्हणाला. स्वच्छ."

भावजय उंबऱ्यात खालीच बसली आणि रडायला लागली. भाचीने फोन बंद केला, मला मिठी मारली, पुन्हा पुन्हा विचारलं, "नक्की ना आत्या? नक्की?" मी हळू आवाजात, चांगल्या घरच्या मुलीसारखी, नक्की म्हणाले. धाकटा खुर्चीत होता. त्याला सगळं ऐकू येत होतं. तो मोठ्याने आ, आ करायला लागला, डावा हात हलवायला लागला, आणि त्या दोघींना वाटलं तो पुन्हा तेच म्हणायचा प्रयत्न करतो आहे. भावजय त्याचे पाय धरून म्हणाली, "व्हय व्हय, कळलं, आक्का म्हणालासा, कळलं."

भाची एकटीच परत गेली. बॅगा उघडल्या, खोकी माळ्यावर गेली. आता भावजय रोज सकाळी चहा पाजून झाला की त्याची हनुवटी धरते आणि शिकवते, "म्हणा की. आ... क्का. भट्टीपाशी म्हणालासा तसं." तो डोळे मिटून घेतो. मी संध्याकाळी जाते तशी जाते, शेजारी बसते, मास्तरांच्या टोपीची गोष्ट काढते. तो हसत नाही. माझ्याकडे बघतही नाही, खिडकीतून बाहेर बघतो. बंगळुरूला तो बरा झाला असता का, मला माहीत नाही. त्याला जायचं होतं का, ते त्याने मान हलवून सांगितलं होतं आणि मी ते पुसून टाकलं. मला रोज वाटतं भाचीला फोन करावा. हातात घेते आणि ठेवून देते. हे जे लिहिते आहे तेही कुठे पोचणार नाही, कुणाच्या हाती लागण्याआधी फाडीन.

एवढं मात्र तुम्हाला सांगते. परवा मी सकाळीच गेले होते, तेव्हा शिकवता शिकवता त्याचे ओठ हलले. 'आ'च्या पुढे काहीतरी यायला लागलं, घशातून, ओढून आणल्यासारखं. भावजय ओरडली, "वन्सं, बघा, बघा!" मी बघितलं. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तो माझ्याकडे बघत होता. आणि अण्णा, मी मनात म्हटलं, नको. आज नको.